कुत्रा ओढतो, कारण आपण त्याच्यामागे जातो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात ठाण्यातील एका ज्येष्ठ नागरिकांचे पत्र प्रसिद्ध झाले. उपवन तलावाच्या काठी ते सकाळी फिरत असताना एक दांडगा कुत्रा आपल्या मालकाला ओढत आला, दोरी त्यांच्या पायांत अडकली आणि ते पडता पडता वाचले, असा प्रसंग त्यांनी लिहिला होता. तलावांच्या परिसरात पाळीव कुत्र्यांना सरसकट बंदी करावी, अशी त्यांची मागणी होती. त्यांची तक्रार रास्त आहे, आणि मी स्वतः कुत्री पाळत असल्यामुळे हे आधी मान्य करते. उतारवयात पडणे म्हणजे काय आणि खुब्याचे हाड मोडले तर माणूस किती महिने अंथरुणाला खिळतो, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र मला पटत नाही, कारण ओढणारा कुत्रा तलावावरून हटवला तरी तो कुठल्या तरी सोसायटीच्या फाटकातून आणि कुठल्या तरी अरुंद पदपथावरून रोज दोनदा ओढतच जाणार आहे. हे ओढणे थांबवता येते, मारझोड न करता थांबवता येते आणि ते थांबवण्याची जबाबदारी पाळणाऱ्याची आहे, असे मला अनुभवाने ठामपणे वाटते. पत्र नेहमीच्या वाचकपत्राहून लांबले आहे, परंतु विषय चार ओळींत आटोपणारा नाही. शक्य झाल्यास ते संपूर्ण छापावे, ही विनंती.

मी पाचपाखाडीत राहते. एका शाळेच्या ग्रंथालयात २९ वर्षे काम करून निवृत्त झाले. आमच्याकडे तांबू नावाची देशी कुत्री आहे. कोलशेतला एका इमारतीचे बांधकाम चालू असताना तेथील राखणदाराने तिला पिल्लू असल्यापासून सांभाळले होते. काम संपले, तो गावी परतला आणि दीड वर्षाची तांबू आमच्या घरी आली. तोवरचे तिचे आयुष्य हातभर साखळीला बांधलेले गेले होते. वजन २१ किलो, अंगाने सडपातळ, पण खांद्यांत विलक्षण ताकद. फाटकाबाहेर पाऊल पडताच ती मान खाली घालून मोटेच्या बैलासारखी ओढू लागे आणि मी तिच्यामागे फरफटत जाई. माझ्या ७८ वर्षांच्या सासऱ्यांना तिला घेऊन बाहेर जाण्याची फार हौस होती, ती आम्हाला पहिल्याच आठवड्यात बंद करावी लागली.

मागच्या वर्षी जुलै महिन्यातील एका सकाळी पावसाची भुरभुर चालू होती आणि फाटकाबाहेरचे पेव्हर ब्लॉक शेवाळाने निसरडे झाले होते. दोरी हातातून सुटू नये म्हणून मी तिचे दोन वेढे उजव्या हाताला दिले होते. उभ्या असलेल्या रिक्षाखालून मांजर निघाले, तांबू झेपावली आणि ते वेढे सोडवायलाही मला अवधी मिळाला नाही. मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. हाताला दोरी गुंडाळण्याची ही सवय मी रस्त्यावर इतक्यांना पाहते, की हे पत्र वाचून दहा जणांनी जरी ती सोडली तरी लिहिण्याचे सार्थक झाले असे मला वाटेल. दोरीच्या टोकाची मूठ अंगठ्यात अडकवावी, उरलेली दोरी दुमडून तळहातात मिटावी आणि दुसऱ्या हाताने ती मधोमध सैल धरावी. अशी धरलेली दोरी पक्की राहते आणि वेळ आलीच तर सोडूनही देता येते.

हात प्लास्टरमध्ये असतानाच घरच्यांनी एक प्रशिक्षक बोलावले. त्यांनी पहिल्याच दिवशी तांबूच्या गळ्यात चोक चेन घातली, म्हणजे ओढल्यावर फासासारखी आवळणारी धातूची साखळी. "घरात मालक कोण, हे तिला कळलं पाहिजे," असे म्हणत ती पुढे गेली की ते साखळीला जोराचा हिसका देत. त्यांच्या देखत तांबू चार दिवसांत शहाण्यासारखी चालू लागली. ते गेले की ती पुन्हा ओढू लागे, आता मात्र खोकत खोकत. दोन आठवड्यांनी त्याहून वाईट गोष्ट घडली. शेजारच्या इमारतीतील पॉमेरेनियन कुत्र्याशी तिचे रोज नाकाला नाक लावून हुंगणे होत असे, त्याच्यावर ती गुरगुरू लागली. याचे कारण मला पुढे समजले. समोर दुसरा कुत्रा दिसला की ती आनंदाने पुढे होई आणि नेमक्या त्या क्षणी तिच्या गळ्याला झटका बसे. तिच्या लेखी दुखण्याचा संबंध तिच्या स्वतःच्या ओढण्याशी जुळला नाही, समोरच्या कुत्र्याशी जुळला. ओढणे कमी करायला गेलो आणि कुत्र्याच्या मनात भीती पेरून बसलो. त्या गृहस्थांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, त्यांना जे शिकवले गेले तेच ते करत होते. पण ती साखळी मी त्याच दिवशी काढून टाकली.

मालकी गाजवण्याच्या या कल्पनेचे मूळ मी ग्रंथालयातल्या सवयीने शोधून पाहिले. १९४७ साली प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून कळपातील वर्चस्वाच्या भांडणांविषयी लिहिले, आणि पुढे ते निष्कर्ष जणू आपल्या घरातील कुत्र्यांनाही लागू पडतात असे धरून चालले गेले. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की रानातला लांडग्यांचा कळप हे साधारणपणे आईवडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते आणि तेथे पुढारीपण रोज लढून मिळवावे लागत नाही. दोरी ताणून पुढे पळणाऱ्या कुत्र्याला आपल्यावर राज्य करायचे नसते, त्याला विजेच्या खांबापर्यंत जायचे असते.

खरे कारण आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. कुत्र्याची स्वाभाविक चाल आपल्यापेक्षा जलद असते. आपण ज्याला चालणे म्हणतो ते त्याच्या दृष्टीने रेंगाळणे होय. त्यात त्याचे नाक. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी काही दशलक्ष असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार वीस-तीस कोटींपर्यंत असू शकतात. खांबाच्या बुडाशी काल रात्री कोण येऊन गेले, चहाच्या टपरीमागे काय सांडले आहे, हे त्याला दहा पावले आधीच कळू लागते. तो तिकडे झेपावतो, दोरी ताठ होते आणि आपण हात पुढे ताणून त्याच्यामागे दोन पावले टाकतो. तेवढ्यात तो खांबापाशी पोहोचलेला असतो. दोरी ताठ केली की हवे ते मिळते, हा धडा त्याला आपणच दिला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ आपणच त्याची उजळणी घेतो.

ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना कडी उघडावी लागेल अशा पेटीत ठेवून केलेल्या प्रयोगांवरून मांडले होते. पुढे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कामातून दिसून आले की फळ दर वेळी मिळण्यापेक्षा कधी मिळाले, कधी न मिळाले, तर ती सवय अधिक चिवट होते. लॉटरीचे तिकीट माणूस पुन्हा पुन्हा घेतो ते याच कारणाने. सोमवारी आपल्याला वेळ आहे म्हणून आपण थांबतो, मंगळवारी कामावर जायची घाई म्हणून ओढू देतो, बुधवारी पुन्हा थांबतो. यातून कुत्रा एवढेच शिकतो की आज नाही तर उद्या ओढून साधेलच, आणि तो अधिक जोर लावतो. "आम्ही सगळं करून पाहिलं, पण हा ऐकतच नाही," असे म्हणणाऱ्या बहुतेक घरांत मला हीच गोष्ट आढळली आहे.

काही जातींच्या बाबतीत तर ओढणे रक्तातच असते. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या संकुलांतून अलीकडे सायबेरियन हस्की सर्रास दिसतात. बर्फावरून गाडी ओढून नेण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला तो कुत्रा आहे. बीगल सशाच्या वासावर धावण्यासाठी घडवला गेला, तो जमिनीवरून नाक उचलत नाही. ठाण्याच्या उकाड्यात हस्की आणावा का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर माझे मत स्पष्ट नकाराचे आहे. पण आणलाच असेल, तर तो ओढतो म्हणून त्याच्यावर चिडण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

साधनांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण दुकानात गेल्यावर माणूस येथेच फसतो. गळ्यातल्या पट्ट्यावर सतत ताण आला तर तो श्वासनलिकेवर येतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींची श्वासनलिका मुळातच नाजूक असते आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नुसता श्वास घेणेही कष्टाचे असते. २००६ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २६ कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गळ्यातल्या पट्ट्याला ओढ बसली की डोळ्यातील दाब लक्षणीय वाढतो आणि छातीवरून बांधायच्या हार्नेसने तसे होत नाही, असे त्यात आढळले होते. काचबिंदूमुळे डोळ्यातील दाब आधीच वाढलेल्या कुत्र्याच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे सांगायला नको. म्हणून ओळखपत्राचा बिल्ला गळ्यातल्या पट्ट्याला असू द्यावा, पण दोरी हार्नेसला लावावी. त्यातही कडी पाठीवर असलेला हार्नेस आणि छातीवर असलेला हार्नेस यांत फरक आहे. पाठीवरच्या कडीने कुत्र्याला सर्व शक्तीनिशी पुढे जोर लावणे सोपे जाते. छातीवरच्या कडीने तो पुढे झेपावला तर त्याचे अंग आपोआप आपल्याकडे वळते. हा हार्नेस कुत्र्याला काही शिकवत नाही, आपल्याला शिकवायला उसंत मिळवून देतो, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवावी. खांद्याच्या सांध्यावर तो घासत नाही ना आणि पट्टा व अंग यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातात ना, हे पाहूनच घ्यावा.

दोरी साधारण दीड ते दोन मीटर लांबीची, कापडी आणि हाताला न कापणारी असावी. बटण दाबले की आत-बाहेर होणारी गुंडाळी मी घेऊ नये असे म्हणेन. तिच्यातील दोरी सतत किंचित ताणलेली असते, म्हणजे ताण हीच नेहमीची स्थिती असे ती कुत्र्याला शिकवते. शिवाय गर्दीच्या पदपथावर पाच मीटर पुढे गेलेला कुत्रा आपल्या ताब्यात असतो, हे खरे नाही. पत्रलेखक गृहस्थांच्या पायांत अडकली ती अशीच दोरी असावी, असा माझा तर्क आहे. काटेरी पट्टे आणि विजेचा धक्का देणारे पट्टे आता घरपोच मिळू लागले आहेत. वेल्समध्ये धक्का देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे ते कोणीही मागवू शकतो, हे मला फार अस्वस्थ करते.

प्लास्टर निघाल्यावर मी नव्याने सुरुवात केली, ती रस्त्यावर नव्हे, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात. तेथे मांजर नाही, रिक्षा नाही, कुठलाही नवा वास नाही. हाताशी उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे डबीत घेतले. शाकाहारी घरांत पनीर किंवा गाजर चालते, मनुके मात्र कधीही देऊ नयेत, कारण द्राक्षे आणि मनुके कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. हे तुकडे तिच्या दिवसाच्या जेवणातून वजा केले. मी एक पाऊल टाकले, तांबू नेहमीप्रमाणे पुढे सुटली, दोरी ताठ झाली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. ओढले नाही, हाक मारली नाही, रागावले नाही. कोपर पोटाशी धरून खांबासारखी उभी राहिले. तिने आणखी जोर लावला, कुंई केले, भिंतीकडे पाहिले. मिनिटभर असेच गेले. मग तिचा डावा कान मागे वळला, मान वळली आणि माझ्याकडे पाहताना तिचे मागचे पाऊल अर्धे मागे आले. दोरी मधोमध लोंबली, पाळण्याच्या दोरीसारखी. त्याच क्षणी मी "छान!" म्हटले आणि तुकडा माझ्या डाव्या गुडघ्यापाशी धरला. ती तेथे येऊन खाऊ लागली, तोवर मी पुढे पाऊल टाकले होते.

हा "छान!" शब्द फार महत्त्वाचा आहे. तो नेमका दोरी सैल होण्याच्या क्षणीच उच्चारला गेला पाहिजे. दोन सेकंद उशीर झाला, तर तोवर कुत्रा दुसरेच काहीतरी करत असतो आणि शाबासकी त्या दुसऱ्या कृतीला मिळते. खाऊ कुठे द्यायचा, यालाही तेवढेच महत्त्व आहे. तो नेहमी आपल्या पायाशी, शिवणीजवळ द्यावा. आपल्या पुढ्यात दिला तर कुत्रा पुढे यायला शिकतो, पायाशी दिला तर पायाशी राहायला. माझ्याकडून पहिले काही दिवस याच चुका होत होत्या, आणि त्या सुधारल्यावर तांबूही सुधारली.

व्हरांड्यात पाच दिवस, दर खेपेस पाच-सहा मिनिटे. नंतर लिफ्ट, मग तळमजल्यावरचे वाहनतळ, मग फाटक. ज्या दिवशी प्रथम फाटकाबाहेर गेलो, त्या दिवशी फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतचे साठ-सत्तर पावलांचे अंतर कापायला आम्हाला पंचवीस मिनिटे लागली. दोरी ताठ झाली की थांबायचे, सैल झाली की निघायचे. तिचे सारे लक्ष पुढेच लागले तर काही न बोलता वळून उलट दिशेने चार पावले जायचे. ओळखीचे लोक थांबून चौकशी करू लागले, तेव्हा सुरुवातीला मला संकोच वाटला. त्या पंचवीस मिनिटांत तिचे चालणे फारसे झाले नाही हे खरे, पण घरी आल्यावर ती ताटकळत दाराशी बसली नाही, सरळ जाऊन झोपली. डोके वापरल्याने कुत्रा पायांच्या व्यायामाइतकाच दमतो, हे मी त्या दिवशी पाहिले. चालणे कमी पडते असे वाटल्यास घरात चेंडू खेळावा किंवा खाऊ टॉवेलमध्ये गुंडाळून शोधायला द्यावा, पण शिकवणीच्या या काही आठवड्यांत ताठ दोरीने एक पाऊलही पुढे जाऊ नये.

हळूहळू मला एक गोष्ट उमगली. तांबूसाठी कोंबडीच्या तुकड्यापेक्षा मोठे बक्षीस म्हणजे तो विजेचा खांबच होता. मग मी तिला खांबापर्यंत सैल दोरीने नेऊ लागले आणि तेथे पोहोचल्यावर "जा, हुंग!" म्हणून मनसोक्त हुंगू देऊ लागले. ज्यासाठी ती ओढत होती, तेच न ओढण्याचे फळ झाले. कुत्र्याला फिरायला नेणे म्हणजे ठराविक अंतर काटायचे, अशी आपली समजूत असते. त्याच्या दृष्टीने ते हुंगणे म्हणजे सकाळचे वर्तमानपत्र आहे, ते हातातून हिसकावून घेऊ नये.

आता एका अडचणीच्या मुद्द्याविषयी. आपल्या शहरात असंख्य घरांतील कुत्रे मालक स्वतः फिरवत नाहीत. घरकामाच्या ताई जाता जाता फिरवून आणतात किंवा महिन्याच्या पगारावर ठेवलेला एखादा मुलगा एकाच वेळी तीन-चार कुत्रे घेऊन निघतो. त्याला पंधरा मिनिटांत पुढचे घर गाठायचे असते. दोरी ताठ झाली म्हणून तो थांबेल कसा? आणि त्याला ओढून पाडले तर त्याच्या उपचाराचा खर्च कोण देणार, याचा विचार किती घरांत झालेला असतो? मालकाने महिनाभर शिकवलेले असे दोन दिवसांत पुसले जाते, म्हणून त्या मुलाला दोष देणे अन्यायाचे आहे. कुत्र्याला हार्नेस आणला तसे त्या मुलाला शेजारी घेऊन चार दिवस चालावे, त्याच्या वेळेचे पैसे वाढवून द्यावेत आणि एका खेपेस एकच कुत्रा, असे ठरवून घ्यावे. घरातल्या माणसांचेही तेच आहे. आमच्याकडे माझा मुलगा तिला कौतुकाने पळू देत असे. त्याला समजावून तो थांबेपर्यंत तांबूची प्रगती अडलेली होती.

रस्त्याचीही बाजू मांडली पाहिजे, नाही तर सगळा भार पाळणाऱ्यावर टाकल्यासारखे होईल. वडाळा ते कासारवडवली मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्त्यालगत अनेक ठिकाणी चालायला पदपथच धड उरलेला नाही. जेमतेम दोन माणसे जातील अशा वाटेत समोरून भटकी कुत्री आली, तर बाजूला व्हायला जागा नसते. ताठ दोरीने कुत्र्याची मान वर आणि छाती पुढे येते आणि समोरच्या कुत्र्यांना ते आव्हान वाटू शकते. म्हणून अशा वेळी दोरी आवळण्याऐवजी लांबूनच वळसा घालून जावे, ते न जमल्यास मागे फिरावे. एप्रिल-मे महिन्यांत डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसले नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही, आणि चटके बसणारा कुत्रा सावलीकडे ओढणारच. गर्दी टाळण्यासाठी काही जण पहाटे येऊरला जातात. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेथे बिबट्यांचा वावर आहे आणि कुत्रा हे त्यांचे भक्ष्य आहे. शिकवणीसाठी ती जागा निवडू नये, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

कायद्याची बाजू दोन्हीकडून पाहावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असेल आणि तो टाळण्यासाठी पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पत्रलेखक गृहस्थ पडले असते, तर त्या मालकाला या कलमाचा विचार करावा लागला असता. दुसरीकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि सतत बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये असल्यामुळे या तरतुदीचा धाक कोणाला वाटत नाही, हे दुर्दैव आहे. पण कायद्याचा आशय स्पष्ट आहे. कुत्रा पाळणाऱ्याने त्याला बाहेर नेलेच पाहिजे. मग सर्व तलाव आणि उद्याने बंद करून त्याला कुठे न्यायचे? भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असे म्हटले आहे, आणि पाळणाऱ्यांनी सार्वजनिक जागेत कुत्र्याला दोरीने नेण्याची सूचनाही त्यांतच आहे.

यातून मार्ग काढण्यासाठी ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडे माझी एक मागणी आहे. पाळीव कुत्र्याचा परवाना देताना रेबीजच्या लसीचा दाखला पाहिला जातो, ते योग्यच आहे. त्याच वेळी सैल दोरीने चालणे कसे शिकवावे, कोणती साधने वापरू नयेत आणि दोरी हातात कशी धरावी, हे सोप्या मराठीत सांगणारे एक पानी पत्रक परवान्यासोबत द्यावे. पशुवैद्यकीय विभागाला ते तयार करणे अवघड नाही. शक्य असेल तेथे एखाद्या उद्यानाचा कुंपण घातलेला कोपरा सकाळचा एक तास कुत्र्यांसाठी मोकळा ठेवावा. आणि सोसायट्यांच्या कार्यकारिणींना विनंती अशी, की नव्याने कुत्रा आणलेल्या सभासदाला नोटीस बजावण्याआधी वाहनतळातली मोकळी जागा दिवसातून वीस मिनिटे सरावासाठी वापरू द्यावी. फाटकाबाहेरच्या वाहत्या रस्त्यावर पहिला धडा गिरवायला लावणे कुत्र्याला आणि माणसांनाही धोक्याचे आहे.

आमच्या सोसायटीने ही परवानगी दिली आहे. दर रविवारी सकाळी सात वाजता तळमजल्यावरच्या वाहनतळात आम्ही चार-पाच जण आपापले कुत्रे घेऊन हा सराव करतो. त्यात एक लॅब्रॅडॉर आहे, दोन देशी आहेत आणि ज्याच्यावर तांबू गुरगुरत असे तो पॉमेरेनियनही आता पाच हातांवरून तिच्या शेजारून जातो. तांबू अजून प्रत्येक वेळी सैल दोरीने चालते असे मी म्हणणार नाही. मांजर दिसले की दोरी क्षणभर ताठ होते, मग ती स्वतःच थांबते आणि मागे वळून माझ्याकडे पाहते. गेल्या महिन्यापासून सासरे तिला पुन्हा कचराळी तलावाच्या बाहेरच्या पदपथापर्यंत घेऊन जातात, मी दोन पावले मागून चालते. ज्या गृहस्थांच्या पत्रावरून मी हे लिहायला घेतले, त्यांनी सवड काढून एका रविवारी आमच्याकडे यावे, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे. आपण कळवल्यास मी पत्ता कार्यालयात पोहोचवीन. आमचा एकही कुत्रा त्यांच्या अंगावर येणार नाही, हे मी जबाबदारीने लिहीत आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)